परभणी ते सिस्सू : धुक्यातून बर्फापर्यंत, आपल्याच गाडीने

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही चौघं परभणीहून गाडीने मनालीला आणि तिथून अटल बोगद्यापलीकडच्या सिस्सूला जाऊन आलो. मी, बायको, आठवीतली लेक आणि मामा. मामा औशाकडचे. एसटीत एकतीस वर्षं चालक होते. पंचवीस वर्षांच्या विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांनी अजून कपाटात जपून ठेवलाय. येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा शेतातला सण, आटोपून ते आमच्याकडे आले होते. "बर्फावर गाडी कशी चालवतेत ते एकदा बगायचंय मला," एवढंच म्हणाले. माझ्याही मनात ते कित्येक वर्षांपासून होतं. परत आल्यापासून ओळखीतले बरेच जण विचारायलेत की रस्ता कसा आहे, बर्फात टायरला गुंडाळायची साखळी म्हणजे चेन लागते का, आपली साधी गाडी जाते का. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निघण्याआधीचं एकच सांगतो, कारण आपल्याकडे हमखास चुकतं ते हेच. मे महिन्यात गाडी तापली की आपण ढाब्यावरच्या टाकीतलं पाणी रेडिएटरमध्ये ओततो आणि विसरून जातो. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. मनालीच्या एका रात्रीत रेडिएटर, फार वाईट झालं तर इंजिनचा ब्लॉकसुद्धा तडकू शकतो. आम्ही सगळं पाणी काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून घेतलं. काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणीही काढून न गोठणारं द्रावण भरलं. बॅटरी चार वर्षांची होती, ती बदलली. टायर समोरचे दोन नवे टाकले.

पहिला दिवस : परभणी ते इंदूर

पहाटे पाचला निघालो. गाडीच्या पडद्यावर बाहेरचं तापमान 9 अंश. परभणीच्या थंडीचं बाहेरच्यांना नवल वाटतं, पण कृषी विद्यापीठाचा आकडा पेपरात वाचतच आम्ही मोठे झालो. जिंतूर रोडला लागलो आणि धुक्याने गाडी गिळली. बोनेटच्या पुढे काही दिसेना. मी चाळीसवर होतो.

"घाई कामून करायलास? दिसंना झाल्यावर फुडं रस्ता हायच आसं समजू नको," मामा म्हणाले. त्यांनी मोठा दिवा बंद करायला लावला, कारण त्याचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. खालचा दिवा आणि फॉग लॅम्प, बस्स. चारही इंडिकेटर चालू ठेवून पळणाऱ्यांवर त्यांचा फार राग. समोरचा उभा आहे, वळतोय की चाललाय हे मागच्याला कळत नाही. मग त्यांनी चारही काचा बोटभर खाली घ्यायला सांगितल्या. थंडीने लेक कुरकुरली.

पाचच मिनिटांत त्या काचांतून गाणं ऐकू आलं. आधी गाणं आलं, मग ट्रॅक्टरचा आवाज, आणि मग वीसेक पावलांवर उसाची भिंत उभी राहिली. दोन ट्रॉल्या, मागे एकही दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही, उसाचे शेंडे दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आलेले. आम्ही पंचविसावर होतो म्हणून थांबलो. माझ्या चुलतभावाचा पाय सहा वर्षांपूर्वी मानवतच्या अलीकडे अशाच एका ट्रॉलीखाली गेला. गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. त्या ट्रॅक्टरवरचं पोरगं विशीतलं असेल, डोक्याला मफलर, रात्रभर कारखान्याच्या रांगेत थांबून आलेलं. त्याला तरी दोष कसा द्यायचा? पण पन्नास-शंभर रुपयांची रेडियमची पट्टी लावून घेतल्याशिवाय ट्रॉली भरू द्यायची नाही, एवढं तर कुणीतरी करायलाच हवं.

मंठ्याला सूर्य वर आला, धुकं उठलं. जालना, छत्रपती संभाजीनगर, मग कन्नडचा घाट. तिथे मामांनी स्टिअरिंग घेतलं. घाटाचा त्यांचा नियम मी लहानपणापासून ऐकत आलोय : ज्या गिअरला चढायचं त्याच गिअरला उतरायचं, ब्रेकवर गाडी सोडायची नाही. दुसऱ्या गिअरला गुरगुरत गाडी खाली खानदेशात उतरली. डबा चाळीसगावच्या पुढे सोडला, धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी.

दुसरा आणि तिसरा दिवस : इंदूर, कोटा, कर्नाल

दुसरा दिवस नुसता पळण्यात गेला. कोट्याला मुक्काम. तिसऱ्या दिवशी दिल्ली बाहेरून टाळली आणि पानिपतच्या पुढे संध्याकाळी पाचच्या सुमारास पुन्हा धुकं. पण हे आपल्याकडचं नव्हे. आपलं धुकं नदीकाठाला, ओढ्याला धरून असतं, चार किलोमीटरवर सुटतं. हरियाणातलं जमिनीवर अंथरलेलं असतं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हलत नाही.

इथे लेक कामाला आली. मामांनी तिला अंतर मोजायची आपली रीत शिकवली होती. पुढची गाडी एखादा खांब ओलांडते तेव्हा सावकाश 'राम कृष्ण हरी' म्हणायचं. आपण खांबाशी पोचायच्या आत एकदा पूर्ण म्हणून झालं तर कोरड्या रस्त्यावर अंतर ठीक. साधारण दोन सेकंद. धुक्यात, पावसात दोनदा-तीनदा. ती मागच्या सीटवरून मोठ्याने म्हणत होती. एका मिनिटाला ती गप्प झाली, कारण खांबच दिसेना. मामांनी लगेच सर्व्हिस रोड धरायला लावला आणि कर्नालला जे पहिलं बरं लॉज दिसलं तिथे आम्ही मुक्काम केला. बुकिंग अंबाल्याचं होतं, ते बुडालं. बुडू दे.

धुक्यात थांबायचंच झालं तर रस्त्यावर किंवा रस्त्याच्या कडेला थांबू नका. डावी पांढरी रेघ धरून पेट्रोल पंप किंवा ढाब्याच्या आवारात पूर्ण आत जा. मागचा येणारा तुमच्या दिव्यांकडे बघूनच रस्ता शोधत असतो, तो तुमच्यावरच येतो.

कर्नालच्या बाजारात मामांनी लाल रेडियमचा मोठा रोल विकत घेतला. कशाला, ते बोलले नाहीत.

चौथा दिवस : कीरतपूर साहिब

सकाळी साडेदहापर्यंत ऊन यायची वाट बघितली. दुपारी उशिरा कीरतपूरला पोचलो. पुढे डोंगर सुरू होतो आणि अंधारात चढायचं नाही असं आधीच ठरलेलं, म्हणून गुरुद्वाऱ्यात मुक्कामाची चौकशी केली. खोल्या देणाऱ्या वयस्कर सरदारजींनी गाव विचारलं. परभणी म्हटल्यावर त्यांना काही कळेना. "नांदेडच्या शेजारी," बायको म्हणाली. ते उठून उभेच राहिले. "हुजूर साहिब से आए हो?" दोन्ही हात जोडले त्यांनी.

दशमेश गुरू गोविंदसिंहांनी 1699 मध्ये खालसाची स्थापना केली ते आनंदपूर साहिब इथून अगदी जवळ, आणि 1708 मध्ये त्यांचा देह ठेवला गेला तो आपल्या नांदेडला, गोदावरीकाठी. हे शाळेत वाचलेलं होतं. पण दीड हजारांहून अधिक किलोमीटरवरचा एक म्हातारा माणूस आपल्या गोदावरीला नमस्कार करतो तेव्हा ते निराळं उमगतं. नांदेड स्टेशनवर अमृतसरची सचखंड एक्सप्रेस आम्ही शेकडो वेळा पाहिली असेल. ती गाडी जिकडे जाते तो मुलूख आम्हाला पहिल्यांदाच दिसत होता. लंगरमध्ये डाळ, फुलके आणि खीर. लेकीने फुलके वाढायला घेतले.

पाचवा दिवस : जगतसुख

कीरतपूरपासून नवा चौपदरी रस्ता बराचसा झालाय, बोगद्यांमागून बोगदे. टीप एवढीच की बोगद्यातून बाहेर पडताना वेग कमी ठेवा. आत रस्ता कोरडा असतो, बाहेर तोंडाशी पाणी ठिबकून रात्री गोठलेलं असू शकतं. कुल्लूला डिझेल भरलं. आपल्याकडच्या डिझेलमधलं मेण कडक थंडीत गोठू लागतं आणि फिल्टर तुंबतो. थंड भागातल्या काही पंपांवर हिवाळ्यात त्या हवेला चालणारं डिझेल येतं. म्हणून टाकी जवळजवळ रिकामी करतच वर आलो होतो. टायरची हवाही इथेच तपासली. दहा अंश तापमान उतरलं की दीड-दोन पीएसआय हवा आपोआप कमी होते, आणि आम्ही तर वीस अंश खाली आलो होतो.

मनालीच्या गर्दीत न राहता ब्यास नदीच्या डाव्या तीरावर जगतसुख गावात एका घरात उतरलो. मालकीणबाईंनी तंदूर पेटवलेला, म्हणजे खोलीच्या मधोमध लोखंडी शेगडी आणि तिचा धूर बाहेर नेणारा पाइप. जेवायला सिड्डू. गव्हाच्या आंबवलेल्या पिठात अक्रोडाचं सारण भरून वाफवतात, वरून तुपाची धार. बायकोने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "हे तर आपल्या नागपंचमीच्या दिंडांचं भावंड." मग तिने पिशवीतला ठेचा काढला. बाईंनी तो सिड्डूला लावून खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, आणि पुन्हा मागितला.

झोपताना त्यांच्या मुलाने गाडीचा हँडब्रेक सोडायला लावला. ओलसर केबल गोठली तर सकाळी चाक सुटत नाही. गाडी पहिल्या गिअरला, चाकांना दगड, वायपर काचेपासून उचलून उभे. रात्री नऊला भुरभुर सुरू झाली.

सहावा दिवस : गाडी सापडली तेव्हा

सकाळी अंगणात गाडी नव्हती, एक पांढरी गादी होती. लेक अनवाणीच बाहेर पळाली.

मामा ओसरीवर उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "2014 च्या गारपिटीत आसाच रस्ता झालता." फेब्रुवारी-मार्चची ती गारपीट मराठवाड्यात कुणीच विसरलेलं नाही. हरभरा, गहू, द्राक्षं सगळं झोपलं होतं. मामांची बस त्या दिवशी लातूरकडे निघालेली, पन्नासावर प्रवासी. गारांचा थर पडला, त्यांनी ब्रेक दाबला आणि चाकं थांबली तरी बस थांबेना. ती आपल्या मनाने बाभळीपर्यंत गेली. कुणाला काही झालं नाही. ही गोष्ट त्यांनी घरी कधी सांगितली नव्हती. बर्फ का बघायचा होता ते मला त्या ओसरीवर कळलं.

गाडी मोकळी करायची रीत बाईंच्या मुलाने दाखवली. टपावरचा बर्फ आधी काढायचा, नाहीतर ब्रेक मारल्यावर तो सगळा काचेवर घसरतो. काचेवर गरम पाणी कधी ओतायचं नाही, तडकते. आणि इंजिन चालू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करायचं. हे शेवटचं मी ठळक सांगतो. 2022 च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं दगावली, त्यातली कित्येक हीटर लावून बंद गाडीत बसलेली होती. सायलेन्सर बर्फाने बुजला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो, झोप लागते आणि माणूस उठत नाही. अडकलात तर इंजिन थोडा वेळच चालवा, काच किंचित उघडी ठेवा, दर वेळी उतरून सायलेन्सर बघा, आणि 112 वर फोन करा.

दुपारी अंगणाच्या मोकळ्या जागेत सराव केला. गाडी दुसऱ्या गिअरला उचलायची, क्लच अगदी लोण्यासारखा सोडायचा. पहिल्या गिअरला चाक जागीच फिरतं आणि खालचा बर्फ घोटून काच करून टाकतं. मग चालण्याच्या वेगात मुद्दाम ब्रेक दाबून बघितला. पेडलखाली थरथर होते, ते एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. मामांचा पाय मात्र जुन्या बसच्या सवयीने ब्रेक सोडून-दाबून, सोडून-दाबून मारत होता. एबीएसच्या गाडीत तसं करायचं नाही, दाबून धरायचा. बासष्टाव्या वर्षी त्यांनी एका दुपारीत पंधरा-वीस वेळा तेच केलं, पाय ऐकेपर्यंत.

सातवा दिवस : अटल बोगदा, सिस्सू

आमच्या गाडीला चारही चाकांची ओढ नाही. बर्फ पडल्यावर मनालीच्या पुढे पोलीस फोर-बाय-फोर किंवा चेनवाल्या गाड्याच सोडतात. चेन भाड्याने मिळते, जाता आलं असतं. पण 2024 च्या डिसेंबरात सोलंग ते बोगद्याच्या दरम्यान शेकडो गाड्या तासन् तास अडकल्या होत्या. मामा म्हणाले, ज्याचा रस्ता त्यालाच चालवू दे. स्थानिक टॅक्सी केली. हा खर्च वाचवू नका.

चालक पन्नाशीचे, लाहौलचे. आम्ही त्यांना भाईजी म्हणू लागलो. मागे फावडं, दोर आणि चुलीतल्या राखेचं पोतं. मामा पुढे त्यांच्याशेजारी बसले आणि दोन चालकांचं मोडक्या हिंदीत जमलं. पलचानच्या पुढे एका सावलीतल्या वळणावर भाईजी थांबले, उतरले आणि रस्त्यावर टाच घासून बघितली. मला तिथे ओलं डांबर दिसत होतं. तो बर्फ होता. पातळ, पारदर्शक, खालचं डांबर जसंच्या तसं दाखवणारा. त्याला ब्लॅक आइस म्हणतात. पुलावर तो आधी धरतो, कारण पुलाला खालूनही गार वारा लागतो. तापमान शून्याच्या थोडं वर असलं तरी रस्ता गोठलेला असू शकतो, कारण काटा हवेचं तापमान सांगतो, डांबराचं नव्हे. अशा रस्त्यावर गाडी थांबायला कोरड्याच्या दहापट अंतरही लागू शकतं. लेकीने विचारलं, मग राम कृष्ण हरी किती वेळा? मामांनी हिशेब केला, दहा वेळा तरी.

बोगदा 9.02 किलोमीटरचा, तीन हजार मीटरवर, 3 ऑक्टोबर 2020 पासून खुला. रोहतांग खिंडीच्या खालून जातो, त्यामुळे पूर्वी हिवाळ्यात तुटणारं लाहौल आता जोडलेलं राहतं. भाईजी सांगत होते, लहानपणी घरात कुणी आजारी पडलं की हेलिकॉप्टरची नाहीतर वसंताची वाट बघायची. पलीकडच्या तोंडातून बाहेर आलो आणि कुणी काही बोललंच नाही. झाडं नाहीत, आवाज नाही. चंद्रा नदी काठांनी गोठलेली, मधून निळी धार. सिस्सूचा धबधबा कड्यावर लटकलेला, तसाच्या तसा. एका घरवजा हॉटेलात थुक्पा, म्हणजे नूडल्सचं गरम सूप, प्यायलो.

अडीचला भाईजींनी उठवलंच. लेकीला अजून खेळायचं होतं. पण ऊन डोंगराआड गेलं की दिवसभर वितळलेलं पाणी काही मिनिटांत काच होतं, आणि नेमकी तीच वेळ सगळ्या गाड्या परतायची. चारच्या आत आम्ही सोलंगच्या खाली होतो. वाटेत एक गाडी आडवी होऊन अडकलेली. नंबर एमएच 26, नांदेड! नवराबायको आणि दोन लेकरं, चाकं जागीच फिरायलेली. भाईजींनी राख टाकली, मामांनी पायपुसण्या चाकांखाली सरकवल्या, आम्ही मागून नव्हे तर बाजूने जोर लावला. मागे उभं राहायचं नाही, गाडी तुमच्यावरच घसरते. निघाली. त्या ताईंनी डब्यातून करदंट काढून सगळ्यांच्या हातावर ठेवलं.

जायचा बेत असेल तर एक लक्षात ठेवा : जानेवारीच्या उत्तरार्धापासून हालडा, फागली या सणांच्या काळात सिस्सूकडची गावं अलीकडे काही आठवडे पर्यटन बंद ठेवतात. आधी विचारून जा.

आठवा दिवस : उतार

रात्री पुन्हा बर्फ. दहापर्यंत थांबलो, रस्ता साफ करणारं यंत्र जाऊ दिलं. भाड्याची चेन पुढच्या दोन चाकांना लावली, कारण आमची गाडी पुढच्या चाकांनी ओढते. वेग वीस-पंचवीस. स्टिअरिंग मामांकडे.

नग्गरच्या अलीकडे देवदारांच्या सावलीत एक पूल आणि लगेच डावं वळण. मामा दुसऱ्या गिअरला होते. तरीही गाडी सरळच निघाली. स्टिअरिंग फिरलेलं, गाडी मात्र दरीकडच्या कठड्याकडे. चेन असूनही. मला ओरडायचं होतं, आवाज फुटला नाही. मामांनी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, ब्रेकला हातही — म्हणजे पायही — लावला नाही, स्टिअरिंग थोडं सैल केलं आणि नजर वळणाच्या पुढे, जिथे जायचं होतं तिथे ठेवली. कठड्याकडे बघितलंच नाही. दोन सेकंद गेले असतील. चाकाने काहीतरी धरलं आणि गाडी वळली.

पुढे रुंद जागा बघून त्यांनी गाडी उभी केली. हात मांडीवर ठेवून बसले. "त्या दिशी बी मी ब्रेक दाबला नसता तर..." एवढं म्हणून थांबले. बायकोने थर्मासमधला चहा दिला.

पतलीकुहलच्या खाली डांबर कोरडं लागलं, तिथे चेन काढली. कोरड्या रस्त्यावर चेन ठेवली तर ती तुटते, टायरही खाते.

बारावा दिवस : जिंतूरच्या अलीकडे

परतीचे तीन दिवस सांगण्यासारखे नाहीत. शेवटच्या पहाटे जालन्याहून निघालो, आणि मंठ्याच्या पुढे आमचं ओळखीचं धुकं उतरलेलं. मामांनी न बोलता एका चहाच्या टपरीच्या आवारात गाडी घेतली. तिथे उसाचे तीन ट्रॅक्टर उभे होते, पोरं शेकोटीला बसलेली, एकाने हुरड्याची कणसं आणलेली.

मामांनी डिकीतून कर्नालचा रोल काढला. ट्रॉलीचं मागचं फळकूट फडक्याने पुसायला लागले. एक पोरगं उठून आलं, "काय करायलाव, काका?" मामांनी कात्री त्याच्या हातात दिली. लेक पट्ट्या धरायची, ते पोरगं कापायचं, मामा चिकटवायचे. सहा ट्रॉल्यांना रोल पुरला. उसाचे शेंडे बाहेर आलेले, त्यांनाही शेवटचा तुकडा बांधला.

धुकं अजून होतंच. आम्ही दुसरा चहा सांगितला.